अडीच पाकळ्यांचं बटरकप

तो आला तेव्हा बाहेर दाट धुकं होतं आणि काउंटरवर मी एकटीच होते. पायपुसण्यावर त्याने आधी उजवा बूट पुसला, मग डावा, मग पुन्हा उजवा. कुणी सांगितलेलं नसताना इतके पाय पुसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं आमची आत्या म्हणते. न पुसणाऱ्यांबद्दलही तिचं मत फारसं वेगळं नाही.

आमच्या वनस्पती संग्रहालयात दर मंगळवारी दुपारी कुणीही यावं, सापडलेलं झाडपान दाखवावं आणि त्याचं नाव विचारावं अशी सोय आहे. लोक काय वाट्टेल ते आणतात. एक आजोबा प्लॅस्टिकचं पान घेऊन आले होते आणि ते प्लॅस्टिक आहे हे शेवटपर्यंत मान्य न करताच परत गेले. झाड ओळखायचं आणि कागदावर सही करून द्यायची, हे काम माझं.

त्याने जाकिटाच्या आतून टीपकागदाची घडी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवली.

"याचं नाव हवं होतं."

मी घडी उघडली. ते माझं फूल होतं.

माझं म्हणजे... सांगते. ते रानटी बटरकप होतं. डोंगरात पिवळ्या फुलांचा काही तोटा नाही, पण तुपाचं बोट फिरवल्यासारखी चकाकी बटरकपच्याच पाकळीला असते आणि पाकळीच्या बुडाशी मधाचा एक इवलासा खिसा असतो. इथवर कुणालाही ओळखता येईल. या जातीची गंमत पुढेच आहे. हिला पाचच्या पाच पाकळ्या सहसा येतच नाहीत. कुठे तीन, कुठे एक, कुठे पाकळ्यांमागच्या नुसत्या हिरव्या दलांवर भागवलेलं. आणि एका जागी वाढणाऱ्या सगळ्या झाडांचा तोंडवळा सारखा असतो, एका घरातल्या माणसांचा असावा तसा. दोन पुऱ्या आणि एक अर्धी, अशा अडीच पाकळ्यांचं घराणं मला एकाच ठिकाणी माहीत होतं. गावामागच्या डोंगरात, जिथलं बर्फ सगळ्यात शेवटी वितळतं त्या घळीत, झऱ्याच्या ओल्या कातळावर.

तीन वर्षांपूर्वी ते मला सापडलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. दुर्मिळ फुलाची जागा एकदा बाहेर फुटली की काय होतं ते मी नोकरीत पाहिलं होतं. हौशी लोक खुरपी घेऊन पोचतात आणि उरतात ते खड्डे. म्हणून मी एकटीच जायची. फूल गळल्यावर ही झाडं इतर पानांत मिसळून जातात, तेव्हा पुढच्या वर्षी कोणतं परत आलं ते कळावं म्हणून प्रत्येक झाडापाशी एक पांढरा खडा ठेवायची.

आणि कुणीतरी ते खडे उचलत होतं. एक वर्ष नाही, दोन वर्षं. या वसंतात तर एक झाडसुद्धा गेलं होतं, धारदार पात्याने मुळांसकट सफाईने कापून. तो चोर एकदा समोर येऊ दे, असं मी रात्रंदिवस म्हणत होते. आता तो समोर उभा होता, आणि त्याच्या भुवयांवर धुक्याचे बारीक थेंब होते.

"कुठे मिळालं?" मी शक्य तितक्या आळसावलेल्या आवाजात विचारलं.

"रस्त्याच्या कडेला."

"कुठल्या रस्त्याच्या?"

"आपला... वर जातो ना, त्या."

"वर बरेच रस्ते जातात."

"हो," तो म्हणाला, "आणि सगळ्यांना कडा असतात."

त्याचं हसू एकाच बाजूने यायचं, दुसरी बाजू जणू पहाऱ्यावर ठेवलेली. मला ते आवडलं नाही. म्हणजे, ते मला आवडलं, आणि हेच मला आवडलं नाही.

"जागा कळल्याशिवाय सही मिळत नाही," मी म्हणाले. "नुसत्या फुलावरून ओळख पटत नाही. कुठे उगवतं, मुळाशी काय आहे, पाणी किती, ऊन किती, सगळं लागतं."

"आधी नाव सांगा. मग कदाचित जागा आठवेल."

"आधी जागा आठवा. मग कदाचित नाव सुचेल."

 शेवटी मीच टीपकागदाची घडी घातली. "हे इथे ठेवून जा. पुढच्या मंगळवारी या."

"परत मिळेल ना?"

"म्हणजे काय?"

"तसं नाही... वस्तू हरवतात."

"आमच्याकडे काही हरवत नाही," मी म्हणाले. "डोंगरात हरवतं."

जाता जाता तो थबकला, माझ्याकडे नीट वळून पाहिलं आणि गेला. आतल्या खोलीत वाळलेली झाडं कागदावर चिकटवायचं काम करणाऱ्या मावशींनी खळीची वाटी हातात घेऊनच डोकं बाहेर काढलं. "कोण गं? नाव विचारायला आला होता की सांगायला?"

"चोर आहे," मी म्हणाले.

"हो का," मावशी म्हणाल्या. "मग केस कशाला सारखे करतेयस?"

तो गेल्यावर मी नमुना भिंगाखाली घेतला आणि संशय दुप्पट झाला. एक फूल उताणं दाबलेलं होतं आणि एक पालथं. पालथं अशासाठी, की मागची हिरवी दलं दिसावीत. ती पाकळ्यांना चिकटून आहेत की खाली दुमडलेली, यावर बटरकपची अर्धी ओळख ठरते. नवखा माणूस फूल नेहमी तोंड वर करून दाबतो, फोटोला बसवल्यासारखं. ज्याला फुलाचं नावही माहीत नाही त्याला हे कुणी शिकवलं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरी मी सगळं आत्याला सांगितलं. तिने दुधाचा वास घेतला, पातेलं फिरवून पुन्हा एकदा घेतला, मग म्हणाली, "दिसायला कसा आहे?"

"त्याचा काय संबंध?"

"म्हणजे बरा आहे," आत्या म्हणाली. "जप हो बाई. वाईट दिसणाऱ्या चोराला आपण स्वतःहूनच लांब ठेवतो."

पुढच्या मंगळवारी तो सगळे लोक गेल्यावर आला. मी त्याची वाट पाहत नव्हते. दाराकडे बघत होते एवढंच, आणि ते माझं कामच आहे.

"सुचलं का नाव?"

"अजून खात्री नाही." मी एक खडा टाकून बघायचं ठरवलं होतं. "हे फूल सहसा कोरड्या वाळूत येतं. भरपूर ऊन लागतं याला."

त्याने काउंटरवर कोपर टेकलं. "मग मुळांना शेवाळ कसं काय?"

"मुळांचं शेवाळ तुमच्या लक्षात आलं?"

"तुमच्या नाही आलं?"

मी भिंग उगाच पुसायला घेतलं.

"तुम्ही खोटं बोलताय," तो हळूच म्हणाला, माझ्या केसांत पान अडकलंय असं सांगावं तसं.

"आणि तुम्ही? रस्त्याच्या कडेला असलं शेवाळ नसतं. बर्फाचं पाणीही नसतं."

"बर्फाचं?" तो सरळ झाला. "बर्फाचं नाव मी काढलंच नव्हतं."

माझे कान तापले. तो काउंटरपासून बाजूला झाला. मग पॅसेजमधल्या मशीनमधून चहाचे दोन कागदी कप घेऊन आला आणि एक माझ्यासमोर ठेवला. मी सवयीने वास घेतला.

"विष नाहीये," तो म्हणाला.

"मशीनचा आहे. खात्री देता येत नाही."

या खेपेला हसू दोन्ही बाजूंनी आलं. क्षणभरच. मग तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत बोलायला लागला.

"मी पाणी खात्यात आहे. झरे मोजतो. बादली लावायची, घड्याळ लावायचं, किती वेळात भरते ते बघायचं. लोकांना हे काम वाटत नाही. तर... एक झरा आहे. कुठला ते सांगणार नाही. महिनाअखेरीस त्याला पाइप लागतोय. उगमालाच. सगळं पाणी थेट टाकीत. तिथे हे फूल आहे. साहेब म्हणाले, जपण्यासारखं काही असेल तर सहीचा कागद आणा, नाहीतर काम सुरू."

मी कप खाली ठेवला. उगमाला पाइप म्हणजे कातळ कोरडा. कातळ कोरडा म्हणजे एका उन्हाळ्यात माझं घराणं संपलं. मी कागदावर सही केली तर वाचेल... पण तो खरं बोलत असेल तर. पाणी खात्याचाच माणूस. फूल दुर्मिळ आहे एवढं त्याला कळलं, की कुणी पाहायच्या आत कातळ खरवडून मोकळा करायला कितीसा वेळ लागतो? दोन वर्षं खडे उचलणारा हा. झाड कापून नेणारा हा.

"अशा काय बघताय?" त्याने विचारलं.

"कशी?"

"खिसे तपासल्यासारख्या."

"काय असतं तुमच्या खिशात?"

त्याचा हात झटकन जाकिटाच्या खिशावर गेला. आत काहीतरी खुळखुळलं.

"किल्ल्या," तो म्हणाला.

किल्ल्यांचा आवाज असा येत नाही. मला तो आवाज चांगला माहीत होता. मला एकदम रडू येईलसं झालं, आणि ते एकट्या फुलासाठी नव्हतं. तो चोर निघू नये असं मला वाटायला लागलं होतं. कधीपासून, ते कळलं नाही.

"पुढच्या मंगळवारी या," मी म्हणाले.

"नंतर फार दिवस उरणार नाहीत."

"माहीत आहे मला."

रविवारी मी पिशवीत पांढरे खडे घेऊन डोंगर चढले. घळीत बर्फाचा शेवटचा मळकट तुकडा उरला होता आणि त्याच्या खालून पाणी झिरपत होतं. कातळभर अडीच अडीच पाकळ्या उघडून ती सगळी बसली होती. मी प्रत्येकापाशी एक खडा ठेवला आणि वरच्या मोठ्या धोंड्यामागे लपले. पाय भिजले, नाक गळायला लागलं. एका माणसाच्या लबाडीची खात्री करून घ्यायला सुट्टीच्या दिवशी इतकी धडपड मी आधी कधी केली नव्हती.

तो आला. हातात पत्र्याची बादली, गळ्यात घड्याळ. झऱ्यापाशी वाकला आणि खडे दिसताच त्याचा चेहरा पडला. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. पण कुणीतरी घरात शिरून गेल्यासारखा तो बघत राहिला. मग बादली ठेवून, एकाही पानावर बोट पडू न देता, एकेक खडा उचलून खिशात टाकू लागला.

मी धोंड्यामागून बाहेर आले. "सापडलात."

तो दचकून उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत दोन-चार खडे उरले होते, ते खुळखुळले.

"सापडलात तर तुम्ही," तो म्हणाला.  "म्हणजे तुम्हीच. बर्फाचं बोललात तेव्हापासून मला वाटतच होतं, तुमच्याच ऑफिसातलं कुणीतरी असणार. पण तुम्ही नसाल असं..." तो थांबला. "मी फार आशा धरून होतो की तुम्ही नसाल."

"मी काय केलं?"

"फुलात असताना खुणा करून ठेवायच्या, म्हणजे थंडीत पानं गेली तरी कुठे खणायचं ते कळतं. खणणारे असंच करतात. माहीत आहे मला. दोन वर्षं तुमचे खडे उचलतोय मी."

मी पिशवी खाली ठेवली. पाणी टपटपत होतं.

"मी खणत नाही," मी म्हणाले. "मोजते. वाचलेली मोजते. आणि दोन वर्षं कुणीतरी माझी मोजणी उधळतंय म्हणून रडते."

"मोजता?"

"मोजते."

तो ओल्या दगडावर मटकन बसला. खिशातून त्याने मूठभर खडे काढले, नुकतेच उचललेले आणि आधीचे जुने, शेवाळाने कडेला हिरवे झालेले. तो ते दोन वर्षं खिशात घेऊन हिंडत होता. चोर सापडला की त्याच्यासमोर टाकायचे म्हणून.

"आणि ते कापलेलं झाड?" मी अजून सोडायला तयार नव्हते.

"ते मीच. कडेचं होतं, अर्धं कातळावरून सुटलेलं. तुम्हाला दाखवायला काहीतरी लागणार होतं. वाईट वाटलं. रात्री जेवण गेलं नाही."

ही गोष्ट कुणी उगाच बनवून सांगणार नाही. मी त्याच्या शेजारी बसले, थोडं अंतर ठेवून. म्हणजे दोन वर्षं आम्ही दोघं एकाच कातळावर उभं राहून एकमेकांच्या नावाने खडे फोडत होतो, आणि दोघांचाही जीव त्याच अडीच पाकळ्यांवर जडलेला. आधी मला हसू आलं, मग त्याला, आणि मग बराच वेळ थांबेना. त्याने रुमाल पुढे केला. मी वास न घेता नाक पुसलं.

मंगळवारी मी सहीचा कागद पुढे ओढला. नाव लिहिलं. मग 'जागा' लिहिलेल्या ओळीपाशी पेन थांबलं. तीन वर्षं जे आत्यालाही सांगितलं नव्हतं ते आता कागदावर येणार होतं, एका माणसाच्या हातात जाणार होतं, त्याच्या साहेबांच्या टेबलावर पडणार होतं.  तो काउंटरच्या पलीकडे उभा होता. लवकर करा म्हणाला नाही, विश्वास ठेवा असंही म्हणाला नाही. म्हणून मी लिहिलं. घळ, कातळ, झरा, बर्फाचं पाणी, सगळं खरं. सही केली, आणि कागद देण्याआधी हात मागे घेतला.

"एक राहिलं. फूल पालथं दाबायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे आमची सूचनांची पाटी आहे, नमुना कसा दाबावा ते सांगणारी. एक फूल उताणं, एक पालथं. काउंटरवर नमुना दिल्याशिवाय ती कुणी वाचत नाही. बहुतेक लोक तेव्हाही वाचत नाहीत.

"पण पहिल्यांदा आलात तेव्हा तर नमुना दाबलेला होता."

"तेव्हा पहिल्यांदा आलो नव्हतो."

"मग?"

 त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "त्याआधी तीन मंगळवार आलो होतो. रांगेत सगळ्यात मागे. एक आजोबा प्लॅस्टिकचं पान घेऊन भांडत होते आणि तुम्ही... तुम्ही ते भिंगातून दहा मिनिटं तपासत होतात. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. मी माझा नंबर यायच्या आत निघून जायचो."

"का?"

"पाटी वाचायला आलोय असं स्वतःला सांगत होतो." त्याने पाटीकडे पाहिलं. "ती मला पहिल्याच दिवशी पाठ झाली होती."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आत्याच्या नजरेने. कुठे काही पाणी मुरत असल्याची खूण सापडेना. आतल्या खोलीत मावशींची खळीची वाटी बराच वेळ स्तब्ध होती.

"आता तरी कागद द्याल?" त्याने विचारलं.

"एका अटीवर. अहो-जाहो बंद."

"देतेस का कागद?" तो म्हणाला, आणि मला तो एकदम जवळचा वाटला.

त्याच्या साहेबांनी बरीच खळखळ केली, दोनदा परत पाठवलं, पण शेवटी पाइप उगमाला न लागता कातळाच्या खाली लागला. पाणी आधी फुलांना भेटून मग टाकीत जातं. आत्याने त्याला जेवायला बोलावलं, त्याने दारात तीनदा बूट पुसले आणि तिने मला आत बोलावून सांगितलं की हा फारच साळसूद आहे, लक्ष ठेव. ते मी ठेवतेच आहे.

यंदा बर्फ उशिरा वितळलं. आम्ही दोघं मिळून घळीत गेलो, मोजायला. तो वाकून झाडं दाखवत होता आणि मी एकेक खडा ठेवत होते. गेल्या वर्षीच्यापेक्षा ती जास्त निघाली. मोजणी संपली तेव्हा माझ्या हातात एक खडा उरला, जुना, कडेला हिरवा झालेला.

मी तो त्याच्या बुटाशी ठेवला.

"हे काय?" तो म्हणाला. "इथे तर काही उगवलेलं नाही."

"दर वर्षी परत येतोस की नाही ते बघायचंय," मी म्हणाले. "खात्री झालेली बरी."

तो सवयीने खाली वाकला. माझे सगळे खडे आजवर त्यानेच उचलले होते. हा मात्र त्याने तसाच राहू दिला.